पाप, लेप आणि पाल

माझ्या बायकोच्या मामांइतका झोपेचा आदर करणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल, आणि हा आदर स्वतःच्या झोपेचा नव्हे, दुसऱ्याच्या. स्वतः मामा जेमतेम पाच तास झोपतात, त्यातही मधूनच उठून घरात कोण कसं झोपलंय ते बघून येतात. पण कोणी झोपलेलं दिसलं, मग ते मांजर असो, पाहुणा असो, की हैदराबादेत गौलीगुड्याच्या बस स्टँडबाहेर पोत्यावर आडवा झालेला हमाल असो, मामांचा आवाज आपोआप खाली येतो आणि पायातल्या चपला हातात येतात. "झोपलेल्याला उठवू नये" हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. का उठवू नये, असं विचारलं तर कारण मात्र दर वेळी वेगळं मिळतं. एकदा म्हणाले, झोपेत माणूस खोटं बोलत नाही, तेवढा वेळ तरी त्याला राहू द्यावं. एकदा म्हणाले, कितीही नालायक माणूस झोपला की बरा दिसतो. मामींना विचारलं तर त्या सरळ सांगतात, "ह्यांच्यात कोणाला उठवायची हिंमत नाही. हिंमत नसली की पुरुष त्याला तत्त्व म्हणतात."

मामींच्या बोलण्याला अनुभवाचा आधार आहे. सुलतान बाजारात एकदा दोघं साड्या घ्यायला गेले होते. परत येताना हातात ओझं, म्हणून रिक्षा बघू लागले, तर एकच रिक्षा उभी आणि तिचा चालक हँडलवर डोकं टेकून गाढ झोपलेला. दुसरा कोणी असता तर त्याने खांद्याला हात लावला असता. मामा मागच्या सीटवर जाऊन बसले, पिशव्या मांडीवर घेतल्या आणि त्याच्या उठण्याची वाट बघू लागले. मामींनी पंधरा मिनिटं कळ काढली, मग त्या चालत घरी गेल्या, कुकर लावला, भात झाला, आणि मामा अजून का येत नाहीत म्हणून परत बघायला आल्या, तर रिक्षा तिथेच आणि मामा तसेच. तेवढ्यात चालक जागा झाला, मागे वळून म्हणाला, "किदर जाना साब?" मामा खाली उतरत म्हणाले, "अब कैं नै जाना मियाँ. खाने का टैम हो गया." वर त्या तासाभराच्या बसण्याबद्दल त्याच्या हातात दहाची नोट ठेवली. मामी आजही सुलतान बाजारात जायचं म्हटलं की विचारतात, "चालत जायचं की बसून राहायचं?"

माझ्या लग्नात तर मी स्वतः या तत्त्वाचा बळी झालो. मुहूर्त सकाळचा होता, आदली रात्र मित्रांनी जागवलेली. नवरदेवाला उठवून आणा म्हणून मुलीकडच्यांनी मामांना पाठवलं, हीच मुळात चूक. कार्यालयात भटजी घड्याळाकडे बघतायत, नवरी गौरीहरापुढे बसून पाय बधिर झाल्याची तक्रार करतेय आणि नवरदेवाचा पत्ता नाही. शेवटी माझा चुलतभाऊ वर आला, तेव्हा मी घोरत होतो आणि मामा माझ्या पायाशी खुर्ची टाकून, माझा फेटा मांडीवर घेऊन, पंखा माझ्या दिशेने वळवून बसले होते. खाली बोलणी बसली तेव्हा ते म्हणाले, "मुहूर्त काय, दुसरा काढता येतो. त्यांची मोडलेली झोप पुन्हा कोण काढून देणार?" त्या एका वाक्यावर मी माझ्या सासरच्या सगळ्या माणसांत या माणसाला पहिला नंबर देऊन टाकला. पुढे जे झालं त्याची सुरुवात बहुधा तिथेच झाली.

मामा चाळीस वर्षं सरकारी कचेरीत भाषांतरकार होते. तेलुगू, उर्दू, मराठी, इंग्रजी, कुठल्याही भाषेतला अर्ज द्या, तो ते दुसऱ्या कुठल्याही भाषेत करून देत. या कामाचा त्यांना फार अभिमान, आणि अभिमान बाळगावा असंच त्यांचं काम होतं. फक्त एक खोड होती. माणूस काय म्हणाला यापेक्षा त्याने काय म्हणायला हवं होतं, याचं भाषांतर ते जास्त चांगलं करत. एखादा शेतकरी साहेबाच्या सात पिढ्यांचा तेलुगूत उद्धार करी, मामा कागदावर लिहीत, "अर्जदार विलंबामुळे किंचित खिन्न आहेत." साहेब वरून खेकसत, मामा खाली सांगत, "साहेबांना तुमची काळजी वाटते." साहेब जेवणानंतर खुर्चीत डुलकी घेत तेव्हा मामा दाराशी उभे राहत आणि आलेल्या माणसाला हळूच सांगत, "प्रकरण विचाराधीन आहे." अशा कचेरीत एकही भांडण झालं नाही आणि एकही काम वेळेवर झालं नाही, असं मामी म्हणतात.

बायकोची आई ती लहान असतानाच गेली आणि या मामा-मामींनीच तिला वाढवलं, म्हणून बाळंतपण गौलीगुड्यात मामांच्या घरी करायचं ठरलं. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होतो. ज्या वयात लोक पोरांच्या कॉलेजच्या चौकश्या करतात त्या वयात मी लंगोट किती घ्यावेत ते विचारत फिरत होतो. पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी हैदराबादला येऊन दहा वर्षं झाली होती, पण आमच्या बाजूला, त्या काचेच्या इमारतींत, सगळं हिंदी-इंग्रजीत भागतं. आलो तेव्हा तेलुगू येत नव्हतं, अजूनही येत नाही. फरक इतकाच, की आधी त्याची लाज वाटत नव्हती.

दिलसुखनगरच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये मुलगी झाली. शस्त्रक्रिया करावी लागली, मुलगी चणीने बारीक, पण ठीक. त्या चार दिवसांत मी एकूण किती झोपलो असेन ते आठवत नाही. एवढं आठवतं, की औषधाच्या दुकानात उभ्या उभ्या झोपलो होतो आणि दुकानदाराने मला उठवलं तेव्हा मला त्याचा मनापासून राग आला होता. घरी सोडण्याच्या दिवशी दुपारी सिस्टर बाळाबद्दलच्या सूचना द्यायला आली. बायको तेव्हा झोपली होती. सिस्टर तिच्या खांद्याला हात लावणार, इतक्यात मामा मध्ये उभे राहिले. "तिला नको. मला सांगा," असं त्यांनी तेलुगूत सांगितलं असावं, कारण सिस्टर वळून आम्हा दोघांना सांगू लागली. ती नवीन होती, कुठल्या तरी आतल्या जिल्ह्यातून आलेली, हिंदी तिला येत नव्हतं. बोट उगारून ती हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "पापनि लेपंडि. निद्रपोयिना सरे, लेपंडि. लेपि पालिव्वंडि."

मी जन्मतःच अपराधी स्वभावाचा माणूस आहे. सिग्नलला पोलीस दिसला की मी पायी चालत असलो तरी लायसन्स चाचपतो. त्यामुळे एक बाई माझ्याकडे बोट दाखवून "पाप" म्हणाली, याचं मला नवल वाटलं नाही. चार दिवस त्या वॉर्डात येता-जाता सगळ्याच बायका माझ्या मुलीकडे बघून "पाप, पाप" म्हणत होत्या आणि मी मान खाली घालत होतो. पण पाप, मग लेप, आणि शेवटी पाल? मी मामांकडे वळलो.

"मामा, काय म्हणाली?"

मामांनी डोळे मिटले. जुन्या फायलीतला अवघड अर्ज समोर आला की ते असेच डोळे मिटत असणार. "लेप," ते म्हणाले.

"कसला लेप?"

"वेखंडाचा असेल. दुसरा कसला असतो बाळाला?"

"आणि पाल?"

"पालीपासून जपा म्हणाली. जुन्या घरात असतात."

"दर किती वेळाने लावायचा? रात्रीही?"

"रात्री लावायचा तर उठवावं लागेल, जावईबापू," मामा म्हणाले. "तेव्हा दिवसाच."

इथपर्यंतची गोष्ट आमच्या सगळ्या नात्यागोत्यात माहीत आहे. बारशापासून आजपर्यंत जिथे चार माणसं जमली तिथे ती सांगितली गेली आहे. पुढची गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. सिस्टरने बोलून झाल्यावर माझ्या हातात एक गुलाबी कागद दिला होता. कागद इंग्रजीत होता आणि इंग्रजी मला येतं. त्यावरच माझं पोट चालतं. घरी येताना बायको, पोर आणि मामी पुढच्या रिक्षात होत्या; मागच्या रिक्षात, मामा माझ्या शेजारी बसलेले असताना, मी तो उघडून वाचला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की बाळाचं वजन कमी आहे, रात्रीसुद्धा दर दोन-तीन तासांनी उठवून पाजा. मी दोनदा वाचलं. मामांनी एकदा वाचलं, कारण त्यांची नजर त्या कागदावर होती आणि ते माझ्यापेक्षा लवकर वाचतात. मग मी कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मामा रस्त्याकडे बघू लागले.

का केलं असं, हे मी स्वतःला खूपदा विचारलं आहे. चांगलं उत्तर सापडलं नाही, म्हणून खरं सांगतो. मला झोप हवी होती. माझ्या शेजारी एक वडीलधारा, चार भाषांचा जाणकार माणूस बसला होता आणि त्याचं म्हणणं होतं, की झोपलेल्याला उठवू नये. मला आयुष्यात इतका सोयीस्कर गुरू पुन्हा मिळणार नव्हता.

त्या रात्री बायकोने विचारलं, "रात्री उठवून पाजायला नाही ना सांगितलं डॉक्टरांनी? परवा वॉर्डातल्या एका बाईला सांगत होत्या."

"तसं काही नाही," मी म्हणालो. "लेप लावायला सांगितलाय."

आम्ही दोघं दहा वाजता झोपलो आणि पाचला उठलो. मला ते सात तास आजही आठवतात. इतकी गोड झोप मला त्याआधी आली नव्हती आणि त्यानंतर यायचा प्रश्नच उरला नाही. दुसरी रात्रही तशीच गेली. दिवसा मामा सहाणेवर वेखंड उगाळत. पोर आपणहून डोळे उघडी, तेव्हाच तिच्या कपाळाला बोटभर लेप लावत आणि मागे होऊन बघत. पोर रडत नव्हती, कुरकुरत नव्हती, थोडं प्यायली की पुन्हा झोपत होती. मामांची छाती फुगली. "पोर आमच्या वळणावर गेली," ते म्हणाले.

मामी तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. "सहा दिवसांचं पोर, ना रडणं ना मागणं. हे काय सरकारी नोकरीत आहे का?"

तिसऱ्या दिवशी सकाळी तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी पोरीला वजनाच्या काट्यावर ठेवलं, मग पुन्हा ठेवलं. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. कपाळाचा वास घेतला. मग हिंदीत विचारलं, "रात को कितनी बार उठाया?"

बायकोने माझ्याकडे बघितलं.

"वजन उतरलं आहे, कावीळ वाढते आहे, म्हणून ती सुस्त आहे," बाई म्हणाल्या. "सुस्त आहे म्हणून पीत नाही, आणि पीत नाही म्हणून अजून सुस्त होते. शांत बाळ म्हणजे चांगलं बाळ नसतं. दोन दिवस देते. दोन तासांनी उठवायचं, दिवसरात्र. परवा वजन वाढलेलं दिसलं नाही तर दाखल करून घेईन." आणि मग, फाईल चाळत, "घरी सोडताना तुम्हाला कागद दिला नव्हता का?"

कागद माझ्या खिशात होता. तोच शर्ट होता. मी तोंड उघडलं असतं की नाही, कोणास ठाऊक. त्याआधीच मामा खुर्चीतून उठले. "मॅडम, गलती मेरी है," ते म्हणाले. "सिस्टर मेरेकू तेलुगू में बोली. मैं समझा नै."

ज्या माणसाने चाळीस वर्षं तेलुगूचं भाषांतर करून घर चालवलं, जो झोपेत तेलुगूत बडबडतो, तो सत्तरी ओलांडलेला माणूस परक्या बाईसमोर उभं राहून म्हणाला, की मला तेलुगू समजलं नाही. बायकोचा चेहरा पांढरा पडला. मी शर्टाच्या खिशावर हात ठेवला.

घरी आल्यावर मामींनी माझी उलटतपासणी घेतली. सिस्टर नक्की काय म्हणाली, अक्षरन् अक्षर सांगा, म्हणाल्या. मी सांगितलं, पाप, लेप, पाल. मामींनी कपाळाला हात लावला. "अहो, पाप म्हणजे लहान पोर. लेपु म्हणजे उठव. पालु म्हणजे दूध. पोरीला उठवा, झोपली असली तरी उठवा आणि दूध द्या, असं सांगितलं त्या बिचारीने." मग मामांकडे वळल्या. "भाजीवाल्याकडून मी शिकले ते तेलुगू मला कळतं, आणि तुम्ही काय चाळीस वर्षं कचेरीत गवत उपटलंत?"

"असेल," मामा म्हणाले.

बायको म्हणाली, "मामा, तू माझ्याशी बोलू नकोस."

त्या दोन दिवसांतले मामा मी विसरणार नाही. बायकोला फक्त पाजण्यापुरतंच उठावं लागावं म्हणून पोरीला उठवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. दर दोन तासांनी ते पाळण्यापाशी जात आणि उभे राहत. पहिल्यांदा तर ते तोंड उघडून पुन्हा मिटत राहिले, जसा पोहायला न येणारा माणूस काठावर करतो. शेवटी घसा साफ करून, हात जोडून, म्हणाले, "कुमारी, आपणांस कळविण्यात येते की दूध तयार आहे. तरी कृपया उपस्थित राहावे." कुमारींनी दखल घेतली नाही. मामांनी हाच मजकूर उर्दूत सादर केला, मग तेलुगूत. शेवटी मामी आल्या, दुपटं सोडलं, तळपायाला टिचकी मारली आणि म्हणाल्या, "हे असं." पोरीने असा टाहो फोडला, की मामा दोन पावलं मागे गेले. पुढच्या वेळी टिचकी त्यांनी स्वतः मारली. मारण्याआधी "माफ कर गं बाई" म्हणाले, मारल्यावर पुन्हा म्हणाले. दोन रात्रींत ते अजिबात झोपले नाहीत. मी शेजारच्या खोलीत जागा होतो आणि दर दोन तासांनी ते "माफ कर" ऐकत होतो. प्रत्येक वेळी मला उठून जावंसं वाटे आणि प्रत्येक वेळी मी कूस बदलत असे.

वजन वाढलं. थोडंसंच, पण काट्याने ते दाखवलं. डॉक्टरीणबाई हसल्या. बायकोने अकरा दिवसांनी मामांशी बोलायला सुरुवात केली, तीही "चहा घे" एवढंच. तेव्हापासून "मामांनी पोरीला लेपावर ठेवलं होतं" ही आमच्या कुटुंबातली ठरलेली गोष्ट झाली. लोक सांगतात, मामा मान डोलावत हसतात आणि मी सगळ्यांत मोठ्याने हसतो. गुलाबी कागद मी काही आठवड्यांनी पोरीच्या फाईलमध्ये सरकवून ठेवला, जणू तो पहिल्यापासून तिथेच होता. टाकून द्यायचं धैर्य झालं नाही.

मुलगी आता चार वर्षांची आहे. मागच्या रविवारी बायको आणि पोरगी गौलीगुड्यात आल्या नव्हत्या. मी एकटाच गेलो. मामी देवळात गेल्या होत्या. मी मामांसमोर बसलो आणि म्हणालो, "मामा, मी आज तुमच्या भाचीला सगळं सांगणार आहे. कागदाचं."

मामा शेंगा सोलत होते. सोलत राहिले. "तिला माहीत आहे," म्हणाले. "कागद सापडला तिला फाईलमध्ये. मला विचारायला आली होती परवा. कोणाजवळ होता मामा, म्हणाली. मी म्हणालो, जावईबापूंच्या खिशात होता, पण घामाने अक्षरं पुसली होती."

"मग?"

"मग काय? तिला इंग्रजी वाचता येतं की. सगळी अक्षरं जागच्या जागी होती." त्यांनी एक शेंग माझ्या हातावर ठेवली. "म्हणाली, त्याला विचारू का? मी म्हणालो, राहू दे."

"परवा म्हणजे कधी, मामा?"

"परवा म्हणजे परवा."

हैदराबादच्या जुन्या माणसांचं हे असंच आहे. त्यांचा परवा म्हणजे कालच्या आदला दिवस नव्हे. जे आज नाही आणि काल नाही, ते सगळं परवा. मामांचं लग्न परवा झालं, बायकोची आई परवा गेली, समोरचं दुकान परवा बंद पडलं. मी पुन्हा विचारलं, पोरगी चालायला लागली होती का तेव्हा? मामांनी डोळे मिटून आठवून बघितलं आणि म्हणाले, "मांडीवर होती की."

मी घरी आलो. बायको स्वयंपाकघरात होती. पोरगी आतल्या खोलीत खेळत होती. म्हटलं, "तुला एक सांगायचं आहे."

ती वळली नाही. तिने गॅस बंद केला, हात पुसले, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "सांग."